बोटीवरच्या तीन बॅटऱ्या सोलरवर चार्ज करायच्या आहेत, जोडणी कशी करू?

तुमच्या बोटीवर इंजिन सुरू करायला 12 व्होल्टची एक बॅटरी आहे, दिवे, फ्रिज आणि पंपासाठी दोन आहेत आणि छतावर 100 वॅटची दोन पॅनल बसवायची आहेत. तुम्ही विचारलंय की तिन्ही बॅटऱ्या एकत्र जोडून टाकू, की प्रत्येकीला वेगळं पॅनल देऊ. मी बोटींच्या वायरिंगचं काम करतो. माझ्या मते यातलं काहीच करू नका. दोन्ही पॅनल एका कंट्रोलरवर (पॅनलची वीज बॅटरीला योग्य व्होल्टेजने देणारं उपकरण) घ्या, त्याचं सगळं आउटपुट वापराच्या दोन बॅटऱ्यांना द्या आणि तिथून इंजिनच्या बॅटरीला थोडा वाटा जाईल अशी सोय करा.

याचं कारण म्हणजे इंजिनच्या बॅटरीला फार कमी लागतं. स्टार्टर 200 अँपिअर ओढतो हे खरं, पण इंजिन तीन सेकंदांत सुरू झालं तर खर्च 600 अँपिअर-सेकंद, म्हणजे 0.17 अँपिअर-अवर. दोन वॅटचा दिवा तासभर लावला तरी तेवढंच जातं. अल्टरनेटर ते लगेच भरूनही काढतो. या बॅटरीला अख्खं पॅनल दिलं, तर त्यावर पडणारं बहुतेक ऊन वायाच जाणार. उलट छोटा फ्रिजच दिवसाला 30 ते 40 अँपिअर-अवर सहज खातो. आडवं बसवलेलं 100 वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसभरात साधारण 300 ते 400 वॅट-अवर देतं, म्हणजे 12 व्होल्टला 25 ते 33 अँपिअर-अवर, त्यामुळे तुमच्याकडे उधळायला काहीच शिल्लक नाही. आणि तिन्ही कायमच्या एकत्र जोडल्या, तर रात्री फ्रिज इंजिनची बॅटरीही उतरवेल. समुद्रात इंजिन सुरू न होणं जिवावर बेतू शकतं, म्हणून हे अजिबात करू नका.

वाटा कसा द्यायचा हे बॅटऱ्यांच्या जातीवर ठरतं. सगळ्या लेड-ॲसिड असतील तर व्होल्टेज बघून चालणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, पुरेसा आहे. साधारण 13.3 व्होल्टला तो दोन्ही बाजू जोडतो आणि 12.8 च्या आसपास सोडतो. वापराच्या बॅटऱ्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट असतील तर मात्र हा रिले नको. त्या चार्जिंग बंद असतानाही बराच वेळ 13.2-13.3 वर राहतात, त्यामुळे एकदा जोडलेला रिले सुटतच नाही. तिथे छोटा डीसी-टू-डीसी चार्जर लावा, म्हणजे एका बॅटरीतून वीज घेऊन दुसरीला तिच्या योग्य व्होल्टेजने देणारा चार्जर. डायोडवाले (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) जुने आयसोलेटर मला पटत नाहीत. साध्या डायोडवर 0.6-0.7 व्होल्ट जातात आणि बॅटरी कायम अर्धपोटी राहते.

वापराच्या दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या घ्या. पॅरलल (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) जोडल्यावर पॉझिटिव्हची मुख्य वायर एकीवरून आणि निगेटिव्हची दुसरीवरून काढा, म्हणजे दोघींवर सारखा भार येतो.

आता वायर. लोक पैसे वाचवतात ते इथेच, आणि बॅटऱ्या अकाली मरतात त्याही बऱ्याचदा यामुळेच. 200 वॅटमधून कंट्रोलर भर दुपारी 15 अँपिअरपर्यंत देऊ शकतो. तो बॅटरीपासून 5 मीटर लांब असेल आणि वायर 4 चौरस मिलिमीटरची असेल, तर जाऊन-येऊन 10 मीटरमध्ये सुमारे 0.65 व्होल्ट पडतात. कंट्रोलरला 14.4 दिसतात, टर्मिनलवर पोचतात 13.75. बॅटरी भरत आली असं समजून तो करंट लवकर आवरता घेतो. म्हणून कंट्रोलर बॅटरीपासून मीटरभराच्या आत बसवा आणि लांब वायर पॅनलच्या बाजूला जाऊ द्या. जोडणी झाली की भर उन्हात मल्टिमीटर आधी कंट्रोलरच्या आउटपुटवर आणि मग थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. दोन आकड्यांत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर एखादा क्रिम्प (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला जोड) सैल आहे किंवा वायर बारीक आहे. वायर कथील चढवलेल्या तांब्याचीच घ्या. साधं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळं पडत जातं आणि बाहेरून काही कळत नाही.

शिडाची डोलकाठी किंवा दोऱ्यांची सावली पडत असेल तर पॅनल पॅरललमध्ये जोडा, म्हणजे एकावर सावली आली तरी दुसरं चालू राहतं. कंट्रोलर एमपीपीटीच घ्या, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनल, काढताना उलट.

प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जितक्या जवळ बसवता येईल तितका जवळ फ्यूज हवाच. रिलेच्या वायरीला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण तिच्या दोन्ही बाजूंना बॅटरी आहे. कंट्रोलरची वायर आणि तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप, दोन्ही मेन स्विचच्या आधी, वेगवेगळ्या फ्यूजमधून वापराच्या बॅटऱ्यांवर घ्या. मग मेन स्विच बंद करून बोट आठवडाभर बांधून ठेवली, तरी चार्जिंग सुरू राहतं आणि पाणी शिरलं तर पंप चालतो.