शिष्यवृत्ती परीक्षेत ‘कशाची जागा कुठे’ हे समसंबंध (पहिल्या जोडीतलं नातं दुसऱ्या जोडीला लावायचे प्रश्न) कसे सोडवायचे?

तुमचा मुलगा ‘गाय : गोठा’ पटकन सांगतो, पण पुढे गडबडतो, म्हणजे त्याला जोड्या पाठ आहेत, नातं कळलेलं नाही. पहिल्या जोडीचं एक वाक्य करायला लावा आणि तेच वाक्य, शब्द न बदलता, दुसऱ्या जोडीला लावा.

आमच्या अमळनेरकडच्या भाच्याचं उदाहरण देतो. धान्य : कणगी :: पाणी : ? पर्याय होते विहीर, नदी, रांजण, पाट. पठ्ठ्याने विहीर लिहिलं. शेतकऱ्याचं पोरगं, दुसरं काय लिहिणार! मी म्हटलं, वाक्य कर. ‘धान्य कणगीत असतं.’ यात विहीरही बसते, नदीही. मग वाक्य आवळलं : ‘धान्य आपण घरात कणगीत साठवतो.’ आता एकटा रांजण उरला. दोन पर्याय बसताहेत असं वाटलं की वाक्य ढिलं आहे, एवढं ओळखायला शिकवा.

घरट्यांच्या प्रश्नातही तेच. गोठा, खुराडं माणूस बांधतो. खोपा सुगरण स्वतः विणते. पर्यायांत दोन्ही आले तर हा फरक कामी येतो.

क्रमही बघा. ‘धुळे : पांझरा’ म्हणजे आधी गाव, मग नदी. बोरी ही अमळनेरची नदी, त्यामुळे पुढे ‘बोरी : ?’ आलं तर तो उलटा प्रश्न आहे, ‘अमळनेर :?’ असेल तरच उत्तर बोरी.

आणि ‘केळी : रावेर :: मिरची : ?’ इथे वाक्य ‘केळीसाठी रावेर प्रसिद्ध आहे’, म्हणून उत्तर नंदुरबार. जेवणाच्या ताटातल्या गोष्टींवरून असे प्रश्न घालत राहा, भरीत-भाकरी खाता खाता पोरं बरोबर पकडतात.