गोळाफेकीतला माणूस फुटबॉलमध्ये?

प्रश्न : माझा मुलगा शाळेत गोळाफेक करतो. अमेरिकेत गोळाफेकीतला एक राष्ट्रीय विजेता फुटबॉल खेळायचा आणि युद्धात गेला, असं तुम्ही मागे लिहिलं होतं. तो कोण?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : अल ब्लोझिस. मीही शिवाजी पार्कात सात वर्षं गोळा फेकला, म्हणून हा माणूस मला जवळचा वाटतो. जन्म १९१९, न्यू जर्सी. जॉर्जटाउन विद्यापीठातून तो १९४२ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाकडे आला. त्यांचा फुटबॉल वेगळा : चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा. ब्लोझिस टॅकल, म्हणजे आघाडीच्या फळीत समोरच्याला अंगानं रेटणारा. आपल्या कबड्डीतला भक्कम कोपरारक्षक डोळ्यांपुढे आणा.

उंची साडेसहा फूट. सैन्याच्या नियमात ती बसेना. घरी राहायला एवढं कारण पुरेसं होतं, पण त्यानं मागे लागून सूट मिळवली. १७ डिसेंबर १९४४ ला, रजेवर असताना, तो राष्ट्रीय फुटबॉल लीगचा अंतिम सामना खेळला. ग्रीन बेकडून जायंट्स ७–१४ असे हरले.

त्यानंतर फ्रान्स, व्होज पर्वत, बर्फ. त्याच्या तुकडीतले दोघं गस्तीवरून परतले नाहीत. हा लेफ्टनंट एकटाच त्यांना शोधायला निघाला, तो परतलाच नाही. ३१ जानेवारी १९४५. वय २६. अंतिम सामन्याला दीड महिनाही झाला नव्हता. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

जायंट्सनं त्याचा ३२ नंबर निवृत्त केला, म्हणजे त्या नंबरची जर्सी पुढे कुणालाच द्यायची नाही. मुलाला हे जरूर सांगा.