पेठेत बसावं, मुंढव्यात ऐकावं

प्रश्न : नोकरीमुळे दादरहून कोथरूडला आलो. दादरला घराजवळच्या परमिट रूममध्ये शनिवारी मित्रांबरोबर बसायचो, अधूनमधून लाइव्ह बँड ऐकायचो. पुण्यात हे दोन्ही मिळेल का, की त्यासाठी मुंबईच गाठावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मी नऊ वर्षं मुंबईत ऑर्केस्ट्रा बारमध्ये ऑक्टोपॅड वाजवला. आता पुण्यात साउंडचं काम करतो. त्यामुळे दोन्हीकडचं जवळून पाहिलंय.

परमिट रूम हे नाव दोन्हीकडे सारखंच, कारण कायदा एकच. १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याला परमिट लागतं; विदेशी दारूसाठी एका दिवसाचं परमिट ५ रुपयांचं. पण बसण्यात फरक आहे. मुंबईत गर्दी झाली की वेटर आपल्या टेबलावर परका माणूस आणून बसवायचा आणि ग्लास रिकामा झाला की समोर उभाच. आमच्या नारायण पेठेतला वेटर पेग मापून ओततो, मग माप उलटं धरून ग्लासच्या कडेवर दोनदा ठोकतो, शेवटचा थेंब पडेपर्यंत. उकडलेले चणे, वर कांदा, लिंबाची फोड, हे न मागता येतं. दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. बसायला मला पुणंच आवडतं.

गाणं मात्र पेठेतल्या परमिट रूममध्ये शोधू नका. दारूच्या परवान्यात गाण्याचा परवाना येत नाही. त्यासाठी पोलिसांकडून वेगळा काढावा लागतो. दहा टेबलांचा मालक त्या भानगडीत कशाला पडेल?

मुंबईच्या ऑर्केस्ट्रा बारमध्ये दोन्ही एका छताखाली होतं, पण ऐकायला कोण यायचं? आमच्यातली एक गायिका गझल फार जीव ओतून म्हणायची. अंतरा संपायच्या आत मॅनेजर लांबूनच हात फिरवायचा, ‘फास्ट घ्या’. ती तिथेच तोडायची आणि मी ठेका बदलायचो. ते मला आजही सलतं.

लोक ग्लास हातात धरून खरंच ऐकतात, हे मी पहिल्यांदा मुंबईत लोअर परळच्या ब्लू फ्रॉग या लाइव्ह म्युझिकच्या क्लबमध्ये पाहिलं. मिलच्या आवारातली ती जागा २००७ला सुरू झाली, २०१६ला बंद पडली. सोलो चालू असताना बारवरचा माणूससुद्धा बर्फ हळू टाकायचा.

तसा श्रोता पुण्यात आहे. एनएच७ वीकेंडर हा बँडचा संगीत महोत्सव २०१०मध्ये इथेच सुरू झाला, ते उगाच नाही. तुम्ही कोरेगाव पार्क-मुंढवा बाजूला जा. स्वतःची गाणी करणारी पोरं तिथे वाजवतात. मात्र वेळेवर पोचा. उघड्यावरचे स्पीकर रात्री १०ला बंद करावेच लागतात, मी ९.५५लाच आवाजाचा फेडर खाली घ्यायला लागतो. साडेनऊला येऊन ‘आत्ता तर आलो’ म्हणणारे बघून वाईट वाटतं.

आणि डिसेंबरात सवाई चुकवू नका. १९५३पासून चालत आलेला शास्त्रीय संगीताचा महोत्सव आहे. तिथे दारू नाही, वडापाव-चहावर लोक तासन्‌तास मांडी घालून ऐकतात. या शहराचे कान तिथे तयार झालेत असं मी मानतो.

कोथरूडहून मुंढवा म्हणजे शहराचं दुसरं टोक. मुंबईत लोकल होती, इथे लोक सरळ टू-व्हीलर काढतात. तुम्ही ती घरीच ठेवा, रिक्षाने जा. आणि बँडच्या अगदी पुढ्यात बसू नका, साउंडच्या टेबलाजवळ बसा. आवाज आम्ही तिथूनच जुळवतो.