टायटल बार गायब झाला, तर दोष फाइल मॅनेजरचा नसतो

प्रश्न: मी लिनक्सवर एक्सएफसीई डेस्कटॉप वापरतो. काही दिवसांपासून थुनार हा फाइल मॅनेजर उघडला की त्याची विंडो डाव्या वरच्या कोपऱ्यात चिकटून बसते. तिला टायटल बार नसतो, त्यामुळे ती हलवता येत नाही आणि बंद करायला बटणही सापडत नाही. थुनार काढून पुन्हा इन्स्टॉल केला, संगणक अनेकदा बंद करून चालू केला, तरी फरक नाही. शिवाय थुनारमधला मेन्यू नाहीसा झाला आहे आणि एका क्लिकवरच फोल्डर उघडतात. काय करावे?

उत्तर: आपल्या तक्रारी एकाच विंडोत दिसत असल्या, तरी त्यांचे धनी दोन आहेत. फोल्डर आणि फायली दाखवणे हे थुनारचे काम. पण विंडोची चौकट, टायटल बार आणि त्यावरची बटणे आखतो तो एक्सएफडब्ल्यूएम4 हा विंडो मॅनेजर. आधी टर्मिनल किंवा दुसरा एखादा साधा प्रोग्रॅम उघडून पाहा. त्यालाही टायटल बार नसेल, तर विंडो मॅनेजर बंद पडला आहे असे समजावे. थुनार कितीही वेळा इन्स्टॉल केला तरी फरक का पडला नाही, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

ऑल्ट आणि एफ2 एकत्र दाबून आज्ञेची चौकट उघडा आणि तिच्यात विंडो मॅनेजरचे नाव, एक मोकळी जागा, सलग दोन हायफन (मधल्या आडव्या रेघा) व त्यांना लागून रिप्लेस हा शब्द, हे सारे लहान इंग्रजी अक्षरांत टंकून एंटर दाबा. अक्षरे उमटत नसतील, तर माउसचा बाण त्या चौकटीवर ठेवून टंकावे. हीच आज्ञा टर्मिनलमधून दिली, तर टर्मिनल बंद करताच विंडो मॅनेजरही पुन्हा बंद पडू शकतो, म्हणून ती तिथून देऊ नये.

टायटल बार लगेच परत येतील, पण काम इथे संपत नाही. लॉग आउट करताना सेशन, म्हणजे त्या वेळी चालू असलेल्या प्रोग्रॅमांची नोंद, जतन करण्याच्या चौकोनात खूण राहिली असेल आणि त्या वेळी विंडो मॅनेजर बंद असेल, तर तीच अपुरी अवस्था जतन होते आणि पुढच्या प्रत्येक लॉगिनला तशीच उभी राहते. आपल्याकडे बहुधा हेच झाले आहे. सेटिंग्जमधल्या सेशन अँड स्टार्टअप या विभागात जाऊन जतन केलेली सेशन्स पुसून टाका, मग ती खूण हटवून लॉग आउट करा. आपल्या कागदपत्रांना याने धक्का लागत नाही.

उरलेल्या दोन गोष्टी मात्र थुनारच्याच आहेत आणि त्या किरकोळ आहेत. कंट्रोल आणि एम एकत्र दाबल्यावर मेन्यू परत येतो. ही जोडी चुकून दाबली गेली असावी. एका क्लिकची सवय प्रेफरन्सेसमधल्या बिहेवियर या भागात बदलता येते. थुनारची सेटिंग्जची फाइल मात्र डेस्कटॉप चालू असताना हाताने पुसू नये: एक्सएफकॉन्फ ही सेवा सेटिंग्ज स्मृतीत धरून ठेवते आणि जुनीच फाइल पुन्हा लिहू शकते.