गायमुखला नेट गेलं तरी नकाशा चालू कसा राहतो?

घोडबंदर रोडने बोरिवलीकडे जाताना गायमुखच्या घाटात रेंज गेली तरी नकाशा सरकत राहतो, मग ॲप अख्खं ठाणे फोनमध्ये भरून ठेवतं का, असं तुम्ही विचारलंय. तसं नाही. आणि भरलंच तरी तुम्हाला वाटते तेवढी जागा लागत नाही.

नकाशाचे चौकोनी तुकडे केलेले असतात, त्यांना टाइल म्हणतात. झूम ० ला सगळं जग एका टाइलमध्ये, पुढच्या प्रत्येक पायरीला एकीच्या चार. झूम १४ ला त्या २६ कोटींच्या वर जातात, पण तुमच्या स्क्रीनला मोजक्याच पुरतात. मार्ग ठरला की वाटेवरच्या पुढच्या टाइल ॲप रेंज असतानाच उतरवून घेतं.

आताच्या टाइलमध्ये बहुधा चित्र नसतं, आकडे असतात. मला खरी कमाल इथे वाटते. मॅपबॉक्स या नकाशे बनवणाऱ्या कंपनीची खुली व्हेक्टर टाइल, म्हणजे अशीच आकड्यांची टाइल घ्या. ठाण्याच्या अक्षांशावर झूम १४ ची टाइल साधारण २.३ किलोमीटर रुंद. तिच्यात सहसा ४०९६ बाय ४०९६ घरांची जाळी, म्हणजे एक घर अर्ध्या मीटरच्या आसपास. रस्त्याचा पहिला बिंदू पूर्ण लिहायचा. पुढे फक्त मागच्या बिंदूपासून किती घरं आडवं आणि किती उभं सरकायचं ते. हे सरकणं ३५ मीटरच्या आत असेल तर एका बिंदूला २ बाइट पुरतात. तेच अक्षांश-रेखांश ८-८ बाइटच्या आकड्यांत ठेवले तर १६ लागले असते! नावांचंही तसंच. 'घोडबंदर रोड' देवनागरीत ३१ बाइट खातं. ते टाइलमधल्या रस्त्यांच्या थरात एकदाच लिहितात आणि रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर नुसता क्रमांक टाकतात.

मार्ग शोधायला मात्र वेगळाच डेटा लागतो: कुठला रस्ता कुठल्या रस्त्याला खरोखर मिळतो, याचं जाळं. माजिवड्याला पुलावरचा आणि खालचा रस्ता चित्रात एकमेकांना छेदतात, जाळ्यात तिथे जोड नसतो. नाहीतर ॲप पुलावरूनच वळायला सांगेल.

म्हणूनच रेंज नसताना वळण चुकलं तर नकाशा दिसतो, पण नवा मार्ग निघेलच असं नाही. टाइल फोनवर असतात, जाळं सर्व्हरवर. घाटातून नेहमी जाणं असेल तर घरच्या वायफायवर तो भाग ऑफलाइन उतरवून ठेवा. गूगल मॅप्स किंवा ऑर्गॅनिक मॅप्समध्ये त्याबरोबर गाडीच्या मार्गासाठी लागणारं जाळंही येतं. ट्रॅफिकचे लाल-पिवळे रंग तेवढे नेटशिवाय ताजे होत नाहीत.