स्टेंट आहे आणि स्वित्झर्लंडला निघालोय, कोणता विमा घेऊ?

प्रश्न: वय 66, निवृत्त बँक कर्मचारी, सांगली. 2019 मध्ये स्टेंट बसवला, मधुमेहाची गोळी चालू आहे. मे महिन्यात पत्नीसह दहा दिवसांच्या स्वित्झर्लंड टूरला जातोय. टूरच्या पैशांत 30,000 युरोचा प्रवास विमा आहेच. एजंट आणखी दोन पॉलिसी दाखवतो. एक 1 लाख डॉलरची, 3,800 रुपयांत, पण जुने आजार वगळून. दुसरी 50,000 डॉलरची, 9,500 रुपयांत. जुन्या आजारामुळे जिवावर बेतलं तर खर्च देणारी. स्टेंटचं लिहिलं नाही तर पहिली पुरेल, असं तो म्हणतो. काय करू?

उत्तर: काका, तुमच्यासाठी दुसरी घ्या आणि स्टेंट फॉर्मवर लिहूनच घ्या.

30,000 युरोचा विमा ही शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या गटाच्या व्हिसाची, किमान अट आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, म्हणून ती तुम्हालाही लागू होते. पण व्हिसा मिळाला म्हणजे हृदयाचा खर्च मिळेलच असं नाही. तुम्हाला तिथे दवाखान्यात जावं लागलं तर ते बहुधा हृदयासाठीच, आणि नेमकं तेच वगळलेलं असेल तर 1 लाख डॉलर नुसते कागदावर राहतात. दुसऱ्या पॉलिसीतही जुन्या आजारासाठी वेगळी मर्यादा असते का, हे पैसे भरण्याआधी ई-मेलवर लेखी विचारा. मर्यादा अगदीच तोकडी निघाली तर दुसऱ्या कंपनीचा दर काढा.

आता एजंटच्या सल्ल्याबद्दल. माझ्याकडच्या एका जोडप्याचा फॉर्म मी क्लेम नाकारल्यानंतर पाहिला. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, तिन्ही रकान्यांत निळ्या पेनाने ‘नाही’वर खूण, आणि खाली त्या काकांची थरथरती सही. खुणा एजंटने केल्या होत्या, दवाखान्याचा खर्च मात्र त्या काकांच्या मुदत ठेवीतून गेला. मला ते आजही लागतं. फॉर्म स्वतः भरा, प्रत जवळ ठेवा.

काकूंना जुना आजार नसेल तर त्यांच्यासाठी 3,800 वाली चांगली आहे. बर्फावर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रियेचा खर्च मोठा असतो, आणि स्वित्झर्लंडमध्ये उपचार फारच महाग आहेत. व्हिसाचा अर्ज जाण्याआधी टूरवाल्यांशी बोला. तुमची पॉलिसी जोडून त्यांच्या विम्याचे पैसे वजा होतात का ते पाहा.

विम्याआधी मात्र हृदयरोगतज्ज्ञांची भेट घ्या. टूरमध्ये युंगफ्राउयोख हे रेल्वेने जायचं बर्फाळ उंच ठिकाण असेल तर इंटरलाकेन गावाच्या साधारण 570 मीटरवरून काही तासांत तुम्ही 3,454 मीटरवर पोचता. तिथे हवा विरळ असते. वर जायचं की नाही हे त्यांनाच विचारा. नको म्हणाले तर त्या दिवशी खालीच थांबा, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. औषधांची मूळ (जेनेरिक) नावं असलेली चिठ्ठीही त्यांच्याकडूनच घ्या.

फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन भरलेल्या कार्डावर) 1,000 स्विस फ्रँक वेगळे राखून ठेवा. किरकोळ तपासणीचे पैसे आधी आपल्याला भरावे लागतात, आणि बहुतेक पॉलिसींत सुरुवातीची काही रक्कम आपणच सोसायची असते. मूळ बिलं आणि डॉक्टरांचा अहवाल जपून आणा. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली तर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करा. तो क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा 144 काकूंच्या मोबाइलमध्येही आजच घालून ठेवा. गोळ्या दहा नव्हे, पंधरा दिवसांच्या घ्या, आणि त्या हातातल्या बॅगेतच ठेवा.