त्साव रिशोन: पहिल्या बोलावण्याला जाताना

ताई, पुढच्या वर्षी तुम्ही सगळे आलिया करताय, म्हणजे ज्यू म्हणून इस्रायलला कायमचे राहायला जाताय, आणि मुलगा 17 वर्षांचा आहे. इस्रायलला उतरल्याबरोबर त्याला सैन्यात नेतील का, हिब्रू येत नसताना तपासणीत त्याचं कसं होईल, असं तुम्ही विचारलंत.

लगेच नेत नाहीत. नव्या ओलेंना, म्हणजे आलिया करून आलेल्यांना, रुळायला साधारण वर्षभर देतात, मग ‘त्साव रिशोन’ म्हणजे पहिलं बोलावणं येतं. भरती कार्यालयात कागदपत्रं बघतात, हिब्रूत बोलतं करतात, कॉम्प्युटरवर चाचणी घेतात. त्यातल्या आकृत्यांना भाषा लागत नाही, तेवढ्याचा सराव त्याला घरी करू द्या. मुलगा भाषेत कच्चा निघाला तर नापास करत नाहीत. गॅलिलीत मिख्वे अलोन नावाचा तळ आहे, तिथे गणवेशात हिब्रू शिकवतात.

खरी काळजी घ्यायची ती वैद्यकीय तपासणीत. तिथे मिळणाऱ्या आकड्याला ‘प्रोफाइल’ म्हणतात. 97 सर्वांत वरचा, 21 म्हणजे सूट. कुठल्या तुकडीत जाता येईल, ते बरंचसं त्यावर ठरतं.

मी 19 वर्षांचा असताना गेलो होतो. डॉक्टरांनी दोनदा काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. मोठ्या माणसाला ‘समजलं नाही’ म्हणायची आपल्याला सवय नसते, म्हणून मी मान हलवून ‘केन’, म्हणजे ‘हो’, म्हणालो. प्रश्न दम्याचा होता. लहानपणी मला पावसाळ्यात धाप लागायची, पुढे ते थांबलं; पण थांबल्याचा एकही कागद हाती नव्हता. निघताना घर आवरलं तेव्हा दवाखान्याची फाइल रद्दीत गेली होती. मग फुफ्फुसांची तपासणी, तज्ज्ञांचं पत्र, पुन्हा चकरा. चार महिने मी अधांतरी होतो, आणि आई रोज टपालपेटी उघडून बघायची.

म्हणून त्याचे जुने रिपोर्ट, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, चष्म्याचा नंबर, सगळं इंग्रजीत करून आणा. तपासणीआधी कुपात खोलिमच्या, म्हणजे तिथल्या आरोग्य विमा संस्थेच्या, फॅमिली डॉक्टरकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो, तेव्हा तुम्ही स्वतः सोबत जा. आणि त्याला आधी ‘लो हेवांती’ शिकवा: मला समजलं नाही. कितीही वेळा म्हणू दे. खरा आजार मात्र लपवू नका, प्रशिक्षणात तो त्याच्याच अंगावर येईल.

मुलाखतीत घरचं विचारतात. तुमचं घर त्याच्या पगारावर चालणार असेल तर संकोच न करता सांगू दे. सैन्य त्याची दखल घेतं.

ओसीआयची, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो त्या कार्डाचीही धास्ती बाळगू नका. परदेशी सैन्यात असलेल्यांना ते कार्ड देत नाहीत असा नियम आहे खरा, पण सक्तीच्या सेवेची आडकाठी येणार नाही, असं पंतप्रधान मोदींनी जुलै 2017 मध्ये तेल अवीवला आपल्या लोकांसमोर जाहीर केलं. अर्ज करायची वेळ आली की दूतावासात तेव्हाचा नियम विचारून घ्या, आणि मुलाचे सेवेचे कागद जपून ठेवा.